पाडव्यास विहिरीचेही वाचन व्हावे

चैत्र शुद्ध प्रतिपदेस आपल्या गावोगावी गुढ्या उभारल्या जातात, कडुनिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर खाल्ला जातो आणि मारुतीच्या देवळात किंवा पारावर पंचांगाचे वाचन होते. नव्या संवत्सराचे नाव काय, राजा कोण, मेघ कोणता, पाऊस किती आढक, हे ऐकण्यास लहानथोर मंडळी अगत्याने जमतात. ही जुनी रीत आहे व ती चालू राहावी. परंतु त्याच पारावर, त्याच मंडळींसमोर, आणखी एक वाचन व्हावे असे आम्हास वाटते. ते म्हणजे गावातील विहिरींच्या पाण्याचे. येणाऱ्या पावसाची चर्चा आपण हौसेने करतो. परंतु हाती असलेल्या पाण्याचा हिशेब मात्र करीत नाही. बीड जिल्ह्यासारख्या मुलखात या एका उणिवेपायी दर दोन-चार वर्षांनी गावेच्या गावे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात.

कोरडा महिना हा रिकामा महिना नव्हे

बीड जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या उतारावर वसलेला आहे. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, सिंदफणा व बिंदुसरा तिला पाणी नेऊन देतात, आणि पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा जिल्ह्याच्या दक्षिण कडेने पुढे जाते. नद्यांची नावे मोठी असली तरी पर्जन्यमान बेताचे आहे. वर्षाकाठी सरासरीने साडेसहाशे ते पावणेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. आष्टी, पाटोदा, शिरूर या पश्चिमेकडील तालुक्यांत तर तोही हात आखडूनच येतो. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला हा प्रदेश असल्याने मोसमी वाऱ्यांतील ओलावा येथे पोचेपर्यंत बराचसा संपलेला असतो.

चैत्रात आकाश निरभ्र असते. दिवसाचे तपमान चाळीस अंशांच्या आसपास जाऊन पोचते, दुपारची हवा अतिशय कोरडी होते आणि पश्चिम-वायव्येकडून उष्ण वारे वाहू लागतात. क्वचित एखाद्या सायंकाळी बंगालच्या उपसागराकडील वा अरबी समुद्राकडील ओलसर हवा या तापलेल्या हवेस येऊन मिळते व विजांसह वादळी सर कोसळते. कधी तिच्याबरोबर गाराही येतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत झालेली गारपीट मराठवाड्यातील शेतकरी विसरलेला नाही. काढणीस आलेली ज्वारी, गहू, हरभरा आणि फळबागा तिने झोडपून काढल्या. पण असे वर्ष अपवादाचे. एरवी चैत्र कोरडाच जातो, आणि पर्जन्यमापकाच्या वहीत त्या महिन्यासमोर शून्य लिहिले जाते.

आमच्या मते याच शून्याने आपली फसगत केली आहे. शून्य पाहून आपण समजतो की या महिन्यात काही घडलेच नाही. गारपीट झाली तर पंचनामा होतो, कारण तिचे घाव डोळ्यांना दिसतात. कोरड्या चैत्राचा पंचनामा कोणी करीत नाही, कारण तो आवाज न करता नेतो. वस्तुतः हा महिना देत काही नसला तरी घेतो पुष्कळ. जमीन, तळे, विहीर, झाडाचे पान आणि जनावराचे अंग या सर्वांतून तो अहोरात्र पाणी उचलीत असतो. जमाखर्चात जमेची बाजू शून्य झाली म्हणजे खर्चाची बाजूही शून्य झाली, असे कोणता कारभारी म्हणेल?

सूर्य व वारा किती पाणी नेतात

उघड्या जलाशयावरून आपल्या भागात चैत्र-वैशाखात दररोज साधारणतः सात-आठ मिलिमीटर पाण्याची वाफ होते. सात मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही कमी. म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आता हाच आकडा आपल्या शेतावर लावून पाहू. तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद असे शेततळे घ्या. त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्र नऊशे चौरस मीटर झाले. त्यावरून रोज सात मिलिमीटर पाणी उडाले तर ते ६,३०० लिटर होते. पाडवा मार्चअखेरीस आला तर तेथून मृगापर्यंत सुमारे सत्तर दिवस मोजावे लागतात. सत्तर दिवसांत हा आकडा चार लाख चाळीस हजार लिटरांच्या घरात जातो. तळ्याचे काठ उतरते असल्यामुळे पाणी खाली जाईल तसा पृष्ठभाग आकुंचित होतो व प्रत्यक्ष घट काहीशी कमी भरते, हे खरे. तरी अंदाज चुकीचा ठरत नाही.

हा आकडा किती मोठा, हे समजण्यास २०१६ सालाची आठवण पुरे आहे. त्या वर्षी गुढीपाडवा ८ एप्रिल रोजी होता. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण आटले होते आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते. पाडव्यानंतर चारच दिवसांनी, १२ एप्रिल रोजी, मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली आगगाडी लातुरास पोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने ती गाडी पाहिली. परंतु एका शेततळ्यावरून पाडवा ते मृग या अवधीत उडून जाणारे पाणी त्या गाडीतील पाण्यापेक्षा फारसे कमी नाही, हे कोणी पाहिले नाही. तसेच सात हेक्टर उघड्या पाण्यावरून एकाच दिवसात त्या गाडीइतके पाणी आकाशात जाते. गाडीला रूळ लागतात, इंजिन लागते, मिरजेपासून लातुरापर्यंतचा प्रवास लागतो. सूर्याला यांतले काहीच लागत नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना नवी नाही. पुणे येथे १९३२ साली कृषिहवामानाचे स्वतंत्र काम सुरू झाले आणि डॉ. एल. ए. रामदास यांच्या मार्गदर्शनाखाली जमिनीलगतच्या हवेचा व बाष्पीभवनाचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला. १९५० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जलाशयावर एका मेदयुक्त रसायनाचा अतिशय पातळ थर पसरून बाष्पीभवन रोखण्याचे प्रयोग केले. हवा शांत असता त्यांचा उपयोग होतो; पण वारा सुटला की तो थर फाटतो. आपल्या चैत्रातील वारा लक्षात घेता शेतकऱ्याने अशा उपायावर विसंबण्यापेक्षा वारा अडविणे, पृष्ठभाग लहान ठेवणे व सावली करणे हेच मार्ग धरावेत.

आपल्या पूर्वजांना हे तत्त्व अनुभवाने ठाऊक होते. बीड शहराच्या दक्षिणेस असलेली खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सलाबत खान याने बांधविली. जमिनीखालून पाणी विहिरीत यावे आणि भुयारी वाटेनेच ते शेतांकडे जावे, अशी तिची रचना आहे. दुष्काळातही तिचे पाणी हटत नाही, असे लोक सांगत आले आहेत. बांधणाऱ्याने पाण्याला उन्हाची गाठ शक्य तितकी पडू दिली नाही, ही गोष्ट आजही शिकण्याजोगी आहे. उलट आज काही ठिकाणी विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी उपसून प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात साठविले जाते. जमिनीच्या पोटात जे पाणी उन्हापासून सुरक्षित होते ते वर काढून उन्हासमोर मांडावयाचे, हा व्यवहार चैत्राच्या हिशेबात तोट्याचा आहे. शेततळे हे पावसाचे वाहून जाणारे पाणी धरण्याकरिता आहे, भूगर्भातील पाण्याची जागा बदलण्याकरिता नव्हे.

माणसे वाढतात तेव्हा पाणी घटते

बीड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून फार मोठ्या संख्येने ऊसतोड मजूर आपली बैलजोडी, चूल व लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडून फाल्गुन-चैत्रात ते परततात. म्हणजे जेव्हा विहिरीतील पाणी सर्वांत कमी, नेमकी तेव्हाच गावातील माणसांची व जनावरांची संख्या वाढते. दुष्काळी वर्षी तर उसाचे क्षेत्र घटल्यामुळे कारखान्यांचे गाळप लवकर संपते आणि मजूर नेहमीपेक्षा आधीच गावी येऊन ठेपतात. माघ महिन्यातील गाव पाहून जो कार्यकर्ता पाण्याची गरज ठरवील, त्याचा हिशेब चैत्रात खोटा ठरेल. सहा महिने दुसऱ्याच्या उसावर कोयता चालवून आलेल्या बाईला आपल्या दारात हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालावे लागावे, यात केवळ निसर्गाचा दोष आहे असे आम्हास वाटत नाही. तिचे नाव पाण्याच्या हिशेबात कोणी धरलेलेच नव्हते, हाही त्यातील एक भाग आहे.

१९७२ च्या दुष्काळात धान्याची टंचाई मोठी होती. पाणी त्या मानाने कोठे ना कोठे सापडे, असे जुनी माणसे सांगतात. २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ या वर्षांत धान्य मिळत होते, पण पाणी व चारा नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात बीड जिल्ह्यातील सर्व अकरा तालुके होते. आणि पुढील उन्हाळ्यात या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. दुष्काळाचे स्वरूप असे पालटले असता त्याची मोजणी मात्र आपण जुन्याच मापाने, म्हणजे पीक किती आणे आले एवढ्यावरच करीत बसलो, तर संकट दारात येऊन उभे राहीपर्यंत ते आपणास दिसणार नाही.

वाचन कसे करावे

यासाठी मोठ्या यंत्रांची आवश्यकता नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि महसूल मंडळांच्या ठिकाणी बसविलेली स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, तपमान, आर्द्रता व वारा नोंदवितात. ही माहिती मोलाची आहे. तथापि ती मंडळाची किंवा पाणलोटाची असते. आपल्या गावाची विहीर आपणच मोजली पाहिजे.

एक मजबूत दोर घ्यावा, त्याच्या टोकास वजन बांधावे आणि दर अर्ध्या मीटरवर गाठ मारावी. गावातील पिण्याच्या पाण्याची विहीर व शिवाराच्या निरनिराळ्या भागांतील चार-पाच विहिरी निवडाव्यात. त्यांत डोंगराकडील एक व ओढ्याकाठची एक अवश्य असावी. दर आठवड्यास एकाच वारी, पहाटे उपसा सुरू होण्यापूर्वी, काठापासून पाण्यापर्यंतचे व पाण्यापासून तळापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर, एवढे लक्षात ठेवले की साठ्याचा अंदाज लागतो. परंतु विहिरीचा जीव साठ्यात नसून झऱ्यात असतो. म्हणून सायंकाळी उपसा थांबविताना पाणी कोठे होते व पहाटेपर्यंत किती चढले, हेही लिहावे. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात रात्रीत एक मीटर चढणारी विहीर चौथ्या आठवड्यात अर्धा मीटरच चढू लागली, तर तिने दिलेला इशारा स्पष्ट आहे. कूपनलिकेत दोर सोडणे कठीण असते. तेथे पंप सुरू केल्यापासून किती वेळाने तो हवा ओढू लागतो, ते मिनिटांत नोंदवावे.

बाष्पीभवन पाहण्यासाठी रुंद तोंडाचे लोखंडी पिंप अर्धे कापून उघड्यावर, जमिनीपासून थोडे वर ठेवावे, पक्षी व जनावरे पाणी पिऊ नयेत म्हणून त्यावर जाळी बसवावी आणि ठराविक खुणेपर्यंत पाणी भरून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी किती मिलिमीटर उतरले ते पाहावे. भांड्याचा पत्रा तापत असल्याने त्यातील घट मोठ्या तळ्यापेक्षा अधिक भरते. मिळालेल्या आकड्याच्या सात दशांश धरल्यास ठोकळ हिशेबास पुरेल. शाळेतील मुलांना हे काम सोपवावे. आपल्या डोळ्यांदेखत उतरलेले पाणी ती जन्मभर विसरणार नाहीत.

नोंद झाली की तिच्यासमोर गरज मांडावी. एक हजार वस्तीच्या गावात माणशी ५५ लिटर धरल्यास रोज ५५,००० लिटर पाणी लागते. तीनशे मोठ्या जनावरांस प्रत्येकी ४० लिटर धरल्यास १२,००० लिटर. एकूण ६७,००० लिटर रोजचे, आणि सत्तर दिवसांचे सुमारे ४७ लाख लिटर. आता दुसरीकडे पाहू. उसाच्या एका हेक्टरास मोकाट पद्धतीने दिलेली एक पाळी पाऊणशे मिलिमीटरची धरली, तर ती साडेसात लाख लिटरांची होते. म्हणजे एक हेक्टर उसाची एक पाळी ही त्या गावाच्या माणसा-जनावरांचे अकरा दिवसांचे पाणी आहे. हे आकडे कोणास लाजविण्याकरिता नाहीत. ऊस लावणाऱ्यानेही कर्ज काढलेले असते आणि त्यालाही लेकरे असतात. परंतु हे दोन आकडे एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले जात नाहीत तोवर गावास खरी निवड करताच येत नाही.

वाचनानंतर काय ठरवावे

पाडव्याच्या वाचनानंतर आठ दिवसांत ग्रामसभेने तीन गोष्टी ठरवाव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट, पिण्याच्या पाण्याची विहीर कोणती व तिच्या आसपासच्या कोणत्या विहिरींचा उपसा तिला मारक ठरतो, हे निश्चित करून त्या विहिरींच्या मालकांशी समक्ष बोलावे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत. पण कायद्याचा धाक दाखविण्यापूर्वी शेजाऱ्याच्या नात्याने बोललेले अधिक टिकते.

दुसरी गोष्ट, हिशेब तोकडा दिसत असेल तर नवे उन्हाळी पीक घेऊ नये व उसाचे नवे क्षेत्र वाढवू नये. उभ्या पिकास पाणी द्यावयाचे तर ते ठिबकने, आणि तेही सायंकाळी वा पहाटे द्यावे. पाचट जाळू नये, सरीत पसरावे. काळ्या जमिनीस भेगा पडल्या की तिच्या पोटातील ओल त्या वाटेने निघून जाते, म्हणून जेथे पीक किंवा बाग उभी आहे तेथे हलकी कोळपणी करून भेगा बुजवाव्यात. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे आपले जुने वचन विज्ञानाच्या कसोटीसही उतरले आहे.

तिसरी गोष्ट, फळबागांविषयी. वार्षिक पीक गेले तर एक हंगाम जातो. मोसंबीचे किंवा आंब्याचे झाड गेले तर सात-आठ वर्षांची कमाई जाते. म्हणून पाणी कमी असता आधी झाड वाचवावे, फळाचा मोह मागाहून. पाणी फारच तुटपुंजे असेल तर झाडावरील फळे उतरवून त्याचा भार हलका करावा. आळ्यात वाळलेले गवत, तुरीचे भुसकट वा पाचट यांचे जाड आच्छादन घालावे. पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन कमी करण्यासाठी आठ टक्के केओलिनची, म्हणजे दहा लिटर पाण्यास आठशे ग्रॅम या प्रमाणात, फवारणी करावी. लहान रोपांस मडक्याने पाणी द्यावे व पश्चिमेकडून सावली करावी. बागेच्या पश्चिमेस व वायव्येस शेवरीसारख्या झाडांचा वारारोधक पट्टा पुढील पावसाळ्यात लावण्याचे आजच ठरवावे, कारण उन्हाळ्यात आठवण होते व पावसाळ्यात विसर पडतो.

काही आक्षेप

हे वाचून काही वाचक म्हणतील, की पाणी संपत आल्यावर मोजून काय लाभ? हिशेब तर पावसाळा संपताच झाला पाहिजे. हे म्हणणे योग्य आहे. आपल्या शेजारच्या, पूर्वी अहमदनगर व आता अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची व शेतीसाठी कूपनलिका न घेण्याची शिस्त श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे पाळली आहे. पण आश्विनातील हिशेब हा अंदाज असतो. त्याचा ताळा चैत्रातच जुळतो. आणि जे गाव चैत्रात मोजावयास शिकेल तेच पुढच्या आश्विनात ओढीने हिशेब मांडील. सुरुवात कोठून तरी झाली पाहिजे, आणि ज्या दिवशी गाव आपण होऊन एकत्र येते तो दिवस त्यासाठी उत्तम.

दुसरा आक्षेप असा, की विहीर माझी, पाणी माझे. ते गावाने का मोजावे? विहिरीचा खड्डा व त्यावर झालेला खर्च आपला आहे हे निर्विवाद. परंतु आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात व भेगांत जेवढे पाणी मुरते तेवढेच सर्वांच्या वाट्यास येते. एका बांधावरील उपसा दुसऱ्या बांधावरील झरा तोडू शकतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. शेजाऱ्याची विहीर आटली की आपलीही पाळी दूर नसते.

तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाही, पण मनात असतो. टँकर येईलच, मग कशाला शिणावे? टँकर आला पाहिजे आणि तो वेळेवर आला पाहिजे, हा गावाचा हक्क आहे. तरीही टंचाईच्या काळात टँकरने मिळणारे पाणी माणशी वीस लिटरच्या मानाने ठरते. त्यात जनावर व झाड यांचा निभाव लागत नाही. शिवाय ज्या गावाच्या वहीत आठ-आठ दिवसांच्या नोंदी आहेत त्याची मागणी अधिक भक्कम ठरते. कागदावर आकडा मांडणाऱ्या गावाला कोणी सहजासहजी परत पाठवीत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांना विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधू-भगिनींना आमचे सांगणे एवढेच, की हे काम आदेशाची वाट न पाहता करावे. आपणाकडे योजनांची अनेक कोष्टके भरावयाची असतात हे आम्ही जाणतो. त्यांत आणखी एका कोष्टकाची भर घालण्याचा हा प्रस्ताव नाही. दोर शेतकऱ्याने टाकावा, वही शाळेत राहावी, फळा पारावर असावा आणि आकडा गावाने वाचावा. कार्यकर्त्याने पहिले चार आठवडे बरोबर उभे राहावे. मोजणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात असा आग्रह मात्र धरावा. विहिरीचे पाणी किती खाली गेले हे गावात सर्वांच्या आधी त्यांच्याच हातांना कळते.

या कोरड्या महिन्यास आम्ही केवळ दूषणे देऊ इच्छित नाही. उन्हात तापलेली नांगरट जमिनीतील किडींचे कोष नष्ट करते. कापसाच्या पऱ्हाट्या व राहिलेली बोंडे या दिवसांत शेताबाहेर काढून नष्ट केल्यास गुलाबी बोंडअळीचा पुढील उपद्रव कमी होतो. उतारास आडवी नांगरट केल्यास पहिल्या पावसाचे पाणी शेतातच थांबते. आणि बालाघाटच्या माळावरील सीताफळाच्या झाडाकडे पाहा. बीडच्या या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळून खर्च कमी करते, हाती असलेल्या ओलीवर दिवस काढते आणि पाऊस आला की भरभरून फळ देते. या मुलखात कसे नांदावे, हे त्यास कोणी शिकविलेले नाही. आपणास मात्र ते मोजून, लिहून व एकमेकांस सांगून शिकावे लागणार आहे.

येत्या पाडव्यास पंचांगाचे वाचन संपले की मंडळींनी लगेच उठू नये. पाऊस किती आढक हे ऐकून झाल्यावर, विहिरीत पाणी किती मीटर, तेही ऐकावे. पहिल्या वाचनातील पाऊस पडेल वा न पडेल, तो आपल्या हाती नाही. दुसऱ्या वाचनातील पाणी मात्र अद्याप आपल्या हाती आहे, आणि त्याचे काय करावयाचे हे त्याच पारावर, त्याच दिवशी ठरविता येण्यासारखे आहे.